पेट्या वाढतायत तरी मधमाशी पाळणारे तोट्यात, हे कसं काय?

हिशोबी:
शेतीचं अर्थशास्त्र शिकतोय, प्रोजेक्टसाठी वेगवेगळ्या देशांच्या मधउद्योगाचे आकडे घेऊन बसलोय. पेट्या वाढल्या, टनात मध वाढला की उद्योग जोरात असं मी धरून चाललो होतो. पण न्यूझीलंडचं बघितलं तर मानुका (तिथलं एक झुडूप) मधाच्या चढ्या भावापायी 2019 पर्यंत पेट्या 9 लाखांवर गेल्या आणि पुढच्या पाचेक वर्षांत जवळपास निम्म्यावर आल्या. युरोपियन युनियनमध्ये गरजेच्या साधारण 60 टक्केच मध तिथे होतो, म्हणजे गिऱ्हाईक आहे, माल कमी आहे, तरी पाळणारे म्हणतात खर्च निघत नाही. मग भाव चढत का नाही? आणि एखाद्या देशाचा मधउद्योग धड चाललाय हे ओळखायचं कशावरून?

पेटीवाला:
पेट्या मोजू नकोस भावा, एका पेटीमागे हातात काय उरतं ते बघ. फुलोरा तेवढाच असतो. त्याच रानात शंभराच्या जागी तीनशे पेट्या ठेवल्या तर मकरंद तिप्पट होत नाही, प्रत्येकाच्या पेटीतला मध तेवढा कमी होतो. मानुकाला बहर काही आठवड्यांचाच, भाव बघून सगळे त्याच झुडपांकडे धावले. आणि खर्च मात्र पेटीगणिक वाढतो, फुलं नसताना साखरपाक द्यायचा, रात्रीतून गाडीवर पेट्या हलवायच्या, पोळ्यासाठी मेणपत्रे, नवी राणी, वरोआचं (माश्यांवर जगणारा कोळी-किडा) औषध. वरोआ न्यूझीलंडमध्ये 2000 साली सापडला, तेव्हापासून औषध चुकवून चालत नाही. एक हंगाम पाऊस फुलोऱ्यात आला की संपलं, खर्च तर होऊन गेलेला असतो. माझ्या एका खरेदीदारानं ऐन काढणीला ठरलेला भाव पाडला होता, मध डब्यात भरून तयार आणि पैशाची नड, त्यामुळे दिला. साठवायला जागा आणि हातात थोडी रोकड असती तर दिला नसता.

बंदरावरचा:
भावाबद्दल सांगतो, मी आयात-निर्यातीच्या कामात आहे. डब्यातल्या घाऊक मधाचा भाव तुमच्या देशातली टंचाई ठरवत नाही, सीमेवर उतरणारा सगळ्यात स्वस्त माल ठरवतो. 2021 मध्ये युरोपियन युनियनमध्ये आयात मध सरासरी किलोला 2.17 युरोला उतरत होता, आणि मधात मिसळायचं तांदळाचं साखर सिरप किलोला 40 ते 60 सेंटला मिळत होतं. म्हणजे पाळणाऱ्याची स्पर्धा दुसऱ्या माशीशी नाहीच, सिरपच्या कारखान्याशी आहे. तिथे आयात मधाचे 320 नमुने तपासले, 2023 च्या अहवालात त्यातले 147 भेसळीच्या संशयाचे निघाले. ऊस किंवा मक्याची साखर कार्बनचे प्रकार मोजणाऱ्या जुन्या तपासणीत सापडते, तांदूळ आणि बीटचं सिरप त्यातून निसटतं, म्हणून भेसळ करणारे तिकडे वळले.
आयात कर लावला की झालं, असंही नाही. अमेरिकेनं 2001 मध्ये चिनी मधावर अँटी-डंपिंग कर (पडेल भावात माल ओतू नये म्हणून जादा कर) लावला, तर तोच माल दुसऱ्या देशांची लेबलं लावून यायला लागला. त्याआधी 80 च्या दशकात तिथं आधारभावाचा प्रयोग होता, बाहेरचा मध स्वस्त असल्यामुळे पॅकिंगवाल्यांनी तोच घेतला आणि देशातला मध सरकारच्या गळ्यात पडला.

बहर:
दोघांनी मधाचंच सांगितलं, पण माशीची मोठी कमाई मधात नाहीये. कॅलिफोर्नियात बदामाला फेब्रुवारीत बहर येतो, एकरी साधारण दोन पेट्या लागतात, एका पेटीला 200 डॉलरच्या आसपास भाडं मिळतं, आणि अमेरिकेतल्या बहुतेक व्यावसायिक पेट्या त्या काही आठवड्यांत तिथे असतात. बदामाचा मध कडवट, विकायला फारसा कामाचा नाही, तरी लोक पेट्या घेऊन देश ओलांडून जातात.
जेम्स मीड या अर्थतज्ज्ञानं 1952 मध्ये सफरचंदाची बाग आणि मधमाश्या हे उदाहरण दिलं होतं, की एकाचा फायदा दुसऱ्याला फुकट जातो आणि बाजार त्याची किंमत लावत नाही. स्टीव्हन च्युंगनं 1973 मध्ये प्रत्यक्ष करार तपासले तर किंमत लागत होती! ज्या पिकातून मध कमी तिथे बागवाला भाडं देतो, ज्यातून मध भरपूर तिथे उलट पाळणाराच जागेचं भाडं देतो.
पण हे मोठ्या बागांपुरतं. आजूबाजूच्या छोट्या शेतांना, रानातल्या झाडांना मिळणारं परागीभवन कोणाच्याच वहीत येत नाही, आणि मध परवडत नाही म्हणून पेट्या गेल्या की तेही जातं. मला याचीच जास्त काळजी वाटते.

हिशोबी:
म्हणजे पेटीमागचं उत्पन्न मध, भाडं, मेण, वसाहतींची विक्री असं सुटं सुटं काढायला हवं. पेटीवाला दादा, दरवर्षी किती वसाहती मरतात तो तोटा कुठल्या रकान्यात धरता?

पेटीवाला:
खर्चातच धर. मेलेल्या वसाहतीच्या जागी जिवंत वसाहत फोडून, म्हणजे तिच्या माश्या दोन पेट्यांत वाटून, नवी करतो, त्या फोडलेल्या पेटीचा त्या हंगामातला मधही कमी होतो, तो आधी लिही. बहुतेक लोक तेच विसरतात.