क्लबची ऑफर आणि ४८ तासांची मुदत

प्रश्न (न्यू जर्सी): ट्रायआउटनंतर (निवड चाचणीनंतर) माझ्या मुलीला एका सॉकर क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघात जागा मिळाली असून ४८ तासांत अनामत भरण्यास सांगितले आहे, तिला अधिक आवडलेल्या क्लबचा निकाल मात्र पुढच्या आठवड्यात लागेल. काय करावे?

उत्तर: आवडलेल्या क्लबच्या प्रशिक्षकांना आजच ईमेल करून या मुदतीची कल्पना द्यावी; खेळाडू खरोखर हवी असेल तर ते बहुधा लवकर कळवतात, आणि काहीच कळवले नाही तर तेही उत्तरच समजावे. अनामत सहसा परत मिळत नाही. करार वर्षभराचा असल्याने मध्येच सोडल्यास उरलेली फी मागितली जाऊ शकते. गणवेश, स्पर्धांचे शुल्क आणि प्रवास त्या फीमध्ये धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

उत्तर: जन्ममहिना कोणता? २०२६-२७ च्या हंगामापासून प्रमुख युवा संघटना वयोगट १ जानेवारीऐवजी १ ऑगस्टपासून मोजणार असल्याने ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले धाकट्या गटात येतील, आणि संघ नव्याने बांधले जातील.

प्रश्नकर्ती: नोव्हेंबर. आभारी आहे. प्रशिक्षक कोण असतील, याचा ऑफरमध्ये उल्लेखच नाही. ते कळल्यावरच पैसे भरीन.