मुलगा व्हीलचेअरवर आहे, बार मिट्झवा (ज्यू मुलगा १३ वर्षांचा झाल्यावरचा विधी) कसा करावा?

भुसावळकरीण
शालोम मंडळी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, सासरे रेल्वेत होते म्हणून भुसावळला आलो आणि इथलेच झालो. इथे सिनेगॉग (प्रार्थनाघर) नाही, सणाला ठाण्याला किंवा पुण्याला जातो. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, पुढच्या वर्षी १३ पूर्ण होतील. समजतं सगळं, मलिद्याचे (आमच्या आभाराच्या विधीचे) पोहे भिजवले की खोबऱ्याची पहिली मूठ मलाच म्हणून बहिणीशी भांडतो, पण त्याचं बोलणं घरच्यांनाच कळतं. नणंद म्हणाली त्याला कशाला त्रास, घरीच मलिदा करा आणि मोकळे व्हा. ते फार लागलंय मला. पण खुर्ची बॅटरीवाली, शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) ती चालवायची नाही, तेब्याला (वाचनाच्या चौथऱ्याला) पायऱ्या, आणि हिब्रू म्हणताना अडखळला तर? कुणी केलंय का असं?

ठाण्याचे काका
ताई आधी शनिवारचा हट्ट सोडा. तोरा (आपला धर्मग्रंथ) सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पण वाचतात, वाचन छोटं असतं, तिघांनाच बोलावतात. त्या दिवशी बॅटरी चालते, माईक चालतो, फोटो पण काढता येतात. अडचण एकच, कामाच्या दिवशी प्रार्थनेला लागणारे १० पुरुष जमवायचे म्हणजे सुट्टीचा सोमवार शोधा. आणि वाचायचं टेन्शन घेऊ नका, वाचेल हजान (प्रार्थना चालवणारा), पोराने आधीचा आणि नंतरचा आशीर्वाद म्हणायचा, जसा येईल तसा. तेब्यावर चढायलाच हवं असं पण नाही, खाली टेबल लावून सेफर (तोराची गुंडाळी) त्याच्यापुढे उघडता येतो, हजानशी आधी बोलून घ्या. अडखळण्याचं म्हणाल तर मोशे राबेनूच (मोझेस) जड जिभेचे होते, फारोपुढे बोलायला भाऊ अहरोन लागला.

पनवेलची आत्या
काका बोलायला सोपं आहे हो. आमच्याकडे सिनेगॉगमध्ये बायकांची गॅलरी वर, अरुंद जिना, सासूबाई गुडघ्यांमुळे शेवटची काही वर्षं दारातच चपलांपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या, मेझुझाला (चौकटीवरच्या पवित्र डबीला) हात लावून तो ओठाला लावायच्या आणि तिथूनच आमेन म्हणायच्या. कुणी आत खाली जागा करून दिली नाही. माझा मामा बहिरा, त्याला मिन्यानमध्ये (त्या १० जणांत) धरायचे नाहीत, जुन्या ग्रंथांत तसं आहे म्हणे. आता बरेच राब्बी (धर्मगुरू) म्हणतात की तो नियम ज्याच्याशी संवादच होत नाही अशा माणसापुरता, खुणांनी बोलणारा त्यात येत नाही. मामा गेल्यावर कळलं हे. म्हणून सांगते, विचारायचं ते आत्ताच विचारा, लेखी.

जळगाव_बाप
मी तुमच्या समाजाचा नाही, पण आमना पोऱ्या पण खुर्चीवर आहे म्हणून लिहितो. दाराची रुंदी आणि पायरीची उंची टेपने मोजून मागवा, "होईल हो मॅनेज" यावर जाऊ नका. १ फूट चढायला १२ फूट उतार लागतो, फळी टाकली की झालं असं नसतं. आणि चार जण खुर्ची उचलायला धावतील, एका लग्नात माझ्या पोराला तसंच गोणीसारखं वर नेलं, दिवसभर जेवला नाही तो.

भुसावळकरीण
थँक्यू सगळ्यांना, सोमवारचं डोक्यातच नव्हतं आलं. मिस्टरांना दाखवलं, ते म्हणाले मग तेफिलिन (प्रार्थनेला हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या) पण बांधता येईल, शब्बाथला ते नसतंच. डावा हात वळत नाही त्याचा, उजव्यावर चालेल का काका?

ठाण्याचे काका
उजवा कामाचा हात आहे ना, आणि एरवी बांधतात दुसऱ्या हातावर, मग नेमकं कसं ते राब्बीला विचारूनच सांगतो, माझ्या अंदाजावर जाऊ नका. तोवर दाराची मापं मी घेऊन ठेवतो. खुर्ची किती इंची आहे?