मदत हवी आहे: सवयींची पुस्तकं वाचून झाली, सवय मात्र एकही लागली नाही

मंडळी, नमस्कार.

प्रश्न विचारायला जरा लाज वाटते आहे, पण विचारते. गेल्या दीड वर्षात मी सवयी लावण्याविषयीची चार पुस्तकं वाचली, ध्यानाची तीन ॲप घेतली (एकाचे तर वर्षभराचे पैसे भरून), नोंदी ठेवायला दोन वह्या आणल्या. आणि नवी सवय म्हणाल तर एकही नाही. म्हणजे एक आहे. रोज रात्री अंथरुणात पडल्यापडल्या ‘आता पुढचं पुस्तक कुठलं घ्यावं’ हे फोनवर शोधत बसायची.

हे सगळं सुरू कशामुळे झालं ते सांगते. सकाळी दात घासताना माझं डोकं ऑफिसच्या ईमेलची उत्तरं लिहीत असतं. एकदा आरशासमोर उभी राहून मला आठवेचना, की दात घासून झालेत की घासायचे आहेत. शेवटी ब्रश ओला आहे का, हे बोटाने चाचपून बघितलं. ओला होता. त्या दिवशी हसले, पण मग हे रोजच व्हायला लागलं. बाहेर पडले की कुलूप लावलं की नाही हे बघायला परत यायचं, समोरचा माणूस बोलत असताना ‘हं, हं’ करायचं आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात नसायचं. झोप ठीक आहे, तब्येत ठीक आहे, डॉक्टरकडे जावं असं काही वाटत नाही. फक्त दिवसभर मी जागेवर नसते.

आता काय काय करून बघितलं ते.

सुरुवात सगळ्यांसारखीच, जेम्स क्लिअरच्या ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’पासून. पुस्तक पटलं. नवी सवय दोन मिनिटांत उरकेल इतकी लहान करा, हेही पटलं. पण माझ्या यादीत अशा नऊ सवयी झाल्या आणि नऊ दुणे अठरा मिनिटं कुठून काढायची हा नवाच घोळ. वहीत तक्ता आखला होता: आडव्या नऊ सवयी, उभ्या एकतीस तारखा, चार रंगांची पेनं. आखायला पूर्ण रविवार गेला आणि खरं सांगायचं तर त्या रविवारी मी फार खूश होते. अकरा दिवस खुणा व्यवस्थित आहेत. बाराव्या दिवशी पाहुणे होते. चौदाव्या दिवशी रात्री मी तिन्ही दिवसांच्या खुणा एकदम केल्या, आठवून आठवून, आणि त्यातल्या निदान दोन खोट्या होत्या. स्वतःच्याच वहीत, कुणी बघणार नसताना! पंधराव्यापासून पानं कोरी.

ॲपची गत त्याहून वाईट. सलग ४३ दिवस झाले होते, मग प्रवासात एक दिवस राहिला आणि आकडा शून्यावर आला. ते शून्य बघून जे बंद केलं ते आजतागायत उघडलेलं नाही. शिवाय घंटा लावायला फोन हातात घ्यायचा, तेवढ्यात वर एखादा मेसेज दिसायचा, आणि डोळे मिटायच्या आधीच वीस मिनिटं गेलेली.

तर मदत अशी हवी आहे. सजगतेवर (माइंडफुलनेस, म्हणजे जे चाललंय त्याकडे लक्ष असणं) एखादं पुस्तक सांगा, शक्यतो लहान, उपदेशाचे डोस न पाजणारं. फोनशिवाय चालेल असं साधन सांगा. सवय लागायला कुणी २१ दिवस म्हणतं, कुणी ६६, त्यातलं खरं काय? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: मी ध्यानाला बसते तेव्हा श्वासाकडे लक्ष जेमतेम चार श्वास टिकतं, मग कामांची यादी सुरू. मला हे जमतच नाही असं समजायचं का?

‘आधी पुस्तकं वाचणं बंद करा’ हा सल्ला घरून मिळालेला आहे. तो सोडून सांगा.

—

प्रतिसाद १

घरच्यांना +१. :)

—

प्रतिसाद २

दिवसांच्या आकड्यांबद्दल लिहितो, कारण मीही त्यात अडकलो होतो.

२१ दिवसांचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे ‘कमीत कमी’ गळलं, चेहराही गळला, आणि कुठलीही सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडे छापून येऊ लागलं.

६६ चा आकडा फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासातला. त्यात ९६ जण होते. प्रत्येकाने एकच सवय निवडली आणि १२ आठवडे रोज नोंद केली. वागणं आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. आता १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, मग २५४ कुठून आले? तर तो मोजलेला आकडा नाही, आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. त्यामुळे ६६ ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही. खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयींना जास्त वेळ लागला, हेही त्यात दिसलं.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असंही त्याच अभ्यासात आढळलं. म्हणजे तुमचे ४३ दिवस कुठेही गेलेले नव्हते. शून्य झाला तो ॲपच्या पडद्यावर.

आणि ‘प्रत्येकाने एकच सवय’ हे पुन्हा एकदा वाचा. नऊ नाही.

—

प्रतिसाद ३

पुस्तकाचं विचारलंत म्हणून. तिक न्हात हान्ह या व्हिएतनामी भिक्खूंचं ‘द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस’ घ्या. लहान आहे, आणि मुळात ते पुस्तक म्हणून लिहिलेलंच नव्हतं. १९७४ साली ते फ्रान्समध्ये होते, तिथून त्यांनी युद्धात होरपळणाऱ्या आपल्या देशात समाजसेवा करणाऱ्या एका सहकाऱ्याला लांबलचक पत्र लिहिलं, त्याचं हे पुस्तक झालं. त्यामुळे स्वर व्यासपीठावरचा नाही, ओळखीच्या माणसाशी बोलल्यासारखा आहे. त्यात भांडी घासण्याविषयी दोन-तीन पानं आहेत. नंतरच्या विश्रांतीवर डोळा ठेवून भांडी घासणं वेगळं आणि भांडी घासण्यासाठी भांडी घासणं वेगळं, असा एकंदर मुद्दा. तुमचा ब्रशचा किस्सा वाचून तीच पानं आठवली.

जॉन काबाट-झिन यांचं नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. डॉक्टरी उपचारांत आज जी सजगता दिसते तिचा बराचसा उगम तिथला. त्यावरचं त्यांचं मोठं पुस्तक १९९० चं आहे, पण ते तुम्ही आत्ता घेऊ नका. जाडजूड आहे, आणि मूळ कार्यक्रमात रोज पाऊण तासाचा सराव अपेक्षित असतो. तुम्ही त्याचाही तक्ता आखाल.

चार श्वासांबद्दल. माइंडफुलनेस हा शब्द पाली ‘सती’साठी वापरला गेला. सती म्हणजे संस्कृतातली स्मृती. मूळ अर्थातच आठवण आहे. लक्ष सुटणार हे धरलेलंच आहे, सुटलं हे आठवून परत येणं हाच सराव. आपल्याकडे तर याला तयार शब्द आहे: भानावर येणं. ‘भानावर राहणं’ त्या मानाने किती कमी ऐकू येतं बघा. तुम्ही दहा मिनिटांत तीस वेळा यादीत गेलात आणि तीस वेळा परत आलात, तर तीस वेळा सराव झाला. मला हे कळायला फार वेळ लागला, तोवर मी स्वतःला नापास करत बसलेले.

—

प्रतिसाद ४

साधनाबद्दल माझा अनुभव. फोन खोलीबाहेर आणि हातात साधा चावीचा टायमर, कीऽऽर्र करून फिरवायचा तो. फ्रान्चेस्को चिरिल्लोने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर पोमोडोरो तंत्र (२५ मिनिटं सलग काम, मग थोडी विश्रांती) बसवलं, ते ह्याच जातीचं यंत्र. त्याच्या टिकटिकीचा पहिले दोन दिवस वैताग येतो. नंतर मला तीच श्वासापेक्षा सोपी वाटायला लागली. लक्ष सुटलं की टिकटिक ऐकू येईनाशी होते, परत आलं की ऐकू येते. एवढंच.

फोनच वापरायचा असेल तर विमान मोड, आणि तो बसायच्या जागेकडे जायच्या आधीच लावायचा. नोंदींसाठी ‘लूप हॅबिट ट्रॅकर’ अँड्रॉइडवर मोफत आहे. त्यात सवयीची ताकद टक्क्यांत दिसते. एक दिवस चुकला तर आकडा थोडा उतरतो, शून्य होत नाही. आयफोनवर काय वापरतात ते मला माहीत नाही, जाणकारांनी भर घालावी.

अवांतर: तक्त्याच्या बाबतीत तुम्ही चांगल्या संगतीत आहात. बेंजामिन फ्रँकलिनने १३ सद्गुणांची वही केली होती. रोज रात्री चूक झाली तिथे काळा ठिपका, आणि दर आठवड्याला एका गुणावर भर. फेरी संपली की खुणा खोडून पुन्हा पहिल्यापासून. खोडून खोडून वहीच्या पानांना भोकं पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली आणि ओल्या स्पंजाने ठिपके पुसू लागला. एवढं करूनही ‘व्यवस्थितपणा’ हा गुण आपल्याला नीटसा जमला नाही, असं त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

—

प्रतिसाद ५

एक सावधगिरीची सूचना, तुमच्यासाठी नसली तरी धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. डोळे मिटून बसल्यावर काहींना शांत वाटण्याऐवजी घाबरायला होतं, जुने प्रसंग वर येतात. तसं झालं तर रेटून बसू नये. डोळे उघडावेत, उठून चालावं, पायांच्या तळव्यांकडे लक्ष द्यावं. वारंवार होत असेल तर समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलावं. ॲपमधला आवाज आपल्याला बघत नसतो.

बाकी बी. जे. फॉग यांच्या ‘टायनी हॅबिट्स’मधलं एक घेण्यासारखं आहे: नवी गोष्ट जुन्या, न चुकता होणाऱ्या गोष्टीच्या शेपटीला बांधायची. दातांत दोरा फिरवायची सवय हवी तर दात घासून झाल्यावर एकाच दातात दोरा फिरवायचा, असं त्यांचं उदाहरण आहे. तुमच्याकडे तर ब्रश आयताच हातात आहे. ‘ब्रश तोंडात गेला की पहिले दहा हात मोजायचे.’ वेगळा वेळ नको, आसन नको, ॲप नको. पुस्तक नाही वाचलंत तरी चालेल, त्यातलं तुम्हाला लागणारं मी सांगून टाकलं आहे.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. इतकं नेमकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रतिसाद १ घरी दाखवलेला नाही आणि दाखवणारही नाही.

आठवडा झाला म्हणून कळवते. नऊपैकी आठ सवयी खोडल्या. खोडताना जिवावर आलं, विशेषतः ‘रोज दोन पानं लेखन’ खोडताना. उरलं ते फक्त ब्रशचे दहा हात. पहिल्या दिवशी सातपर्यंत मोजले आणि ईमेलमध्ये गेले. तिसऱ्या दिवशी मोजायचं आठवलं तेव्हा ब्रश धुऊन जागेवर ठेवत होते. तसाच परत उचलला आणि कोरडेच दहा हात मारले, ते चालतं का माहीत नाही. काल पहिल्यांदाच जाणवलं की मी उजव्या बाजूला जवळपास घासतच नाही.

वहीत रकाने नाहीत. रात्री नुसती एक उभी रेघ, झालं असेल तर. सात दिवसांत चार रेघा आहेत आणि चारही खऱ्या आहेत.

पत्राचं पुस्तक मागवलंय. (हो, एकच.) चावीचा टायमर घरात सापडला, पण तो पाच मिनिटांवर लावला तर तिसऱ्याच मिनिटाला वाजतो. प्रतिसाद ४, तुमचाही असाच वाजतो का, की माझा बिघडलाय? दुरुस्त होण्यासारखा असेल तर सांगा, कारण नवा घ्यायला गेले तर मी चार टायमरांची तुलना करत बसेन.