अंध मुलांनी गावच्या शाळेत शिकावं की अंधशाळेत?

कऱ्हाडची मावशी: माझी भाची जन्मापासून अंध आहे, यंदा पहिलीत जाईल. घरात दोन तट पडलेत. आजोबांना ती मुंबईच्या अंधशाळेत, वसतिगृहात राहून शिकावी असं वाटतं. माझं मत, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतच घालावी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने, मोफत शिकायचा हक्क दिलाय. गल्लीतली पोरं तिला खेळात घेतात. एवढ्याशा लेकराला आईपासून का तोडायचं?

ब्रेलशिक्षिका: ताई, हक्क आहेच. पण तिला ब्रेल, म्हणजे सहा उठावदार टिंबांची बोटांनी वाचायची लिपी, कोण शिकवणार? पाटीत कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचायचं, मग पान उलटून डावीकडून वाचायचं. सुरुवातीला बोटाला टिंबं वेगळी लागतच नाहीत. रोज शेजारी बसून, बोट धरून शिकवावं लागतं. टेलर फ्रेमवरचं, म्हणजे खाचांच्या पाटीत खिळे बसवून करायचं गणितही तसंच. फिरते विशेष शिक्षक येतात, पण एकेकाकडे कितीतरी शाळा. दादरची कमला मेहता अंधशाळा 1900 पासून मुलींना शिकवतेय. तो अनुभव गावात कुठून आणणार? माझं ठाम मत आहे, चौथीपर्यंत अंधशाळा, मग खुशाल गावात.

बँकवाला, सोलापूर: मी पूर्ण अंध, दहावीपर्यंत साध्या शाळेत. मित्र मिळाले, भांडायला शिकलो, ते आजही कामी येतं. पण गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, ‘हे इकडचं तिकडे नेलं, की हे आलं.’ काय नेलं, कुठे नेलं, मला काहीच कळायचं नाही. शेवटी ‘तू ऐकत बस’ म्हणाले. त्यांनी प्रत्येक आकडा तोंडाने उच्चारला असता तरी पुरलं असतं, त्याला पैसाही लागत नव्हता. तरीही मी मावशींच्या बाजूने. शिक्षकाने बदलावं, मुलीने घर का सोडावं?

ब्रेलशिक्षिका: शिक्षक बदलेपर्यंत तिची पहिली-दुसरी निघून जाईल, त्याचं काय? ऐकून पाठांतर होतं, शुद्धलेखन नाही. मोबाईल वाचून दाखवतो म्हणून ब्रेल सोडलेली मुलं माझ्याकडे येतात. ऱ्हस्व-दीर्घ त्यांना कधी भेटलेलंच नसतं.

एक बाबा, नाशिक: वसतिगृहातून दिवाळीला आलेला माझा मुलगा पहिले दोन दिवस घरात परक्यासारखा वागायचा. ब्रेल मात्र झरझर वाचतो. दोन्ही खरं आहे, आणि पहिल्याचा त्रास अजून होतो.

कऱ्हाडची मावशी: ब्रेलचा मुद्दा मान्य, वसतिगृहाचा नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करतेय: जूनआधी ब्रेल पुस्तकं, पाटी, टेलर फ्रेम, आणि विशेष शिक्षकाचे ठरलेले वार. आईनेही ब्रेल शिकायचं ठरवलंय. ब्रेलशिक्षिका, तिला सुरुवात कुठून करायला सांगू?

ब्रेलशिक्षिका: सहा टिंबांपासून. मुलीला अक्षरांआधी राजगिरा, मोहरी, साबुदाणा बोटांनी निवडू दे. मागणीत आठवड्यातून किमान तीन वार लिहा, त्याहून कमी घेऊ नका. मत माझं बदललेलं नाही.