बिनशब्दांच्या चित्रपुस्तकातून गोष्ट निघतच नाहीये, मदत हवी

नमस्कार मंडळी. डहाणू तालुक्यात एका पाड्यावर झेडपी शाळेत शिकवते, दुसरीत 19 पोरं, बहुतेकांच्या घरी वारली बोलतात. स्टोरीवीव्हर नावाच्या मुलांच्या पुस्तकांच्या साइटवरून बिनशब्दांची पुस्तकं डाउनलोड केली, पदरचे पैसे घालून कलर प्रिंट काढल्या, म्हटलं आता वाचता येत नाही म्हणून कुणी मागे पडायला नको. आणि झालं काय, तर पानावर बोट ठेवून "कुत्रा. झाड. पोरगा." पान उलटलं की "परत कुत्रा." मी मग काय झालं विचारलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, एक धीट मुलगी आहे ती काहीतरी सांगते आणि बाकी अठरा जण तेच म्हणतात. मधल्या सुट्टीत मात्र त्याच पुस्तकावरून दोघं वारलीत तावातावाने भांडत होते, मी जवळ गेले तर चिडीचूप! वर केंद्रप्रमुख विचारतात यात वाचन कुठंय. माझं चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
ताई, उत्तर तुम्हीच लिहिलंय की, मधली सुट्टी. वारलीतच सांगू द्या. आणि एकेक चित्राचं नाव घेणं ही पहिली पायरीच आहे, घाबरू नका. मर्सर मेयरचं हरवलेला बेडूक शोधणाऱ्या मुलाचं 1969 चं पुस्तक आहे, नुसती 24 चित्रं, भाषेचे अभ्यासक कितीतरी भाषांतल्या मुलांकडून त्याच्यावरून गोष्ट सांगून घेतात, तिथंही लहान पोरं आधी सुटी सुटी चित्रंच सांगतात, जोडणं नंतर येतं. 'हे काय आहे' विचारणं बंद करा, ती परीक्षा वाटते. पुढचं पान झाकून 'आता हा काय करेल' विचारा, तिघातिघांत वेगळं पुस्तक द्या म्हणजे नक्कल करायला काही उरत नाही. पोरं बोलतील ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा, शुद्ध करत बसू नका, मग तेच वाचायला लावा. साहेबांना हेच वाचन दाखवा.

धागाकर्ती
थँक्यू! बेडकाचं पुस्तक एका मैत्रिणीकडून आणून करून बघितलं. मुलगा ज्या फांद्या धरतो ती हरणाची शिंगं निघतात तिथं वर्ग नुसता उसळला, फळा पुरला नाही. शेवटी तो बेडकाचं एक पिल्लू घरी नेतो त्यावर कधीच न बोलणारा एक जण वारलीत म्हणाला, आता त्याची आई शोधत येईल. उद्या तिथूनच पुढे.