पुढच्या हायब्रिडमध्ये काय हवं? मला तरी बॅटरीवर ताबा हवा

घाटवळण

स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर, दोन्हींवर चालणारी गाडी) घेऊन अडीच वर्षं झाली, ३८ हजार किलोमीटर झाले. गाडीवर मी खूश आहे हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर "मग घेतली कशाला" सुरू होईल. कोथरूड ते हिंजवडी, तीही सकाळची गर्दी, तरी लिटरला २३-२४ पडतात. तक्रार ॲव्हरेजची नाहीच.

मागच्या रविवारी पेणला मावशीकडे निघालो होतो. चार माणसं, डिकी भरलेली. खंडाळ्याहून जुन्या रस्त्याने खोपोलीला उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि पडद्यावर बॅटरीच्या कांड्या चढताना बघत बसलो. उतारावर चाकंच मोटर फिरवून वीज बनवतात. फुकटची वीज, कोणाला आवडणार नाही! पण अर्धा घाट व्हायच्या आत बॅटरी फुल्ल. आणि मग इंजिन जे केकाटायला लागलं ते थेट खालपर्यंत. पेट्रोल जळत नाही, फक्त वीज ठेवायला जागा नाही म्हणून कॉम्प्युटर इंजिन नुसतं गरागरा फिरवून ती जिरवतो. मागून आई, "गिअर अडकला का रे?"

घरी येऊन हिशेब केला. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी, उतार साधारण साडेपाचशे मीटर. म्हणजे जवळजवळ २.४ युनिट. टायर आणि वारा मिळून एखादं युनिट खातात असं धरलं तरी हातात एकाच्या वर राहतं. आणि ग्रँड व्हिटारा-हायरायडर वर्गातली बॅटरी केवढी? ०.७६ युनिट. त्यातलीही सगळी वापरू देत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, पुढच्या पिढीत ॲव्हरेज २८ चं ३० करण्याच्या मागे लागू नका. बॅटरी दोन-तीन युनिटची करा आणि ती थोडी माझ्या हातात द्या. "पुढे उतार आहे, आत्ता रिकामी करून ठेव" असं एक बटण. "राखून ठेव" असं दुसरं, म्हणजे रात्री अकरा वाजता सोसायटीच्या फाटकातून बिनआवाज आत येता येईल. आत्ता ईव्हीचं (नुसत्या विजेवर चालवायचं) बटण आहे, पण नेमकं हवं तेव्हा दाबलं की "आत्ता उपलब्ध नाही" असा संदेश येतो. आणि डिकीत एक घरगुती २३० व्होल्टचा सॉकेट.

तुम्हाला काय हवं?

शून्यधूर

एवढं सगळं हवं असेल तर सरळ इलेक्ट्रिक घ्या की! चाळीस युनिटच्या बॅटरीत तुमचा अख्खा बोरघाट खिशात जातो, फाटकातून रोजच बिनआवाज येता, आणि आत ऑइल बदलायलाही काही नाही. हायब्रिड म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. इंजिनही सांभाळा, मोटरही सांभाळा, टाकीही आणि बॅटरीही. वर जीएसटी बघा. इलेक्ट्रिकवर ५ टक्के, तुमच्या गाडीवर ४०. सरकारने उत्तर देऊन ठेवलंय, तुम्ही प्रश्न विचारत बसलाय.

घाटवळण

@शून्यधूर, लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून खाली उतरा, तुमचीही वीज घ्यायला जागा नसते. तुम्हाला तर केकाटायला इंजिनही नाही, सगळा भार ब्रेकवर. :) बाकी सोसायटीने पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला दोन वर्षं नाही म्हटलंय, हा विषय इथे नको, रक्तदाब वाढतो.

दापोलीकर_मुक्काम_डोंबिवली

सॉकेटला दोन्ही हात वर!

३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या दापोलीकडच्या घराचे कोने उडाले, पोफळी आडव्या झाल्या, आणि वीज किती आठवडे नव्हती ते आता आठवायलाही नको वाटतं. फोन चार्ज करायला लोक गाडी चालू करून डॅशबोर्डाच्या सॉकेटला पाच पाच फोन लावून बसायचे. जपानमध्ये प्रियस आणि बऱ्याच हायब्रिडना १५०० वॉटचा सॉकेट मिळतो, २०११ च्या भूकंपानंतर तर त्याचं महत्त्व तिथे सगळ्यांना कळलं. आपल्याकडे निदान फ्रीज, दोन पंखे आणि आईचं नेब्युलायझर चाललं असतं. अर्ध्या एचपीचा पंप चालेल का याबद्दल मात्र मी साशंक आहे. पंप सुरू होताना, चालताना खातो त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो.

पण माझी खरी मागणी वेगळी आहे आणि ती तुमच्या बटणांपेक्षा फार साधी आहे. गणपतीला बसने गावी गेलो, गाडी डोंबिवलीत २४ दिवस उभी. आलो तर सगळं मेलेलं. किल्लीने दारही उघडेना, त्या किल्लीतून ती छोटी लोखंडी किल्ली काढून उघडलं. कारण काय, तर बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरली. म्हणजे मागे मोठी बॅटरी भरलेली बसलीय आणि गाडी जागची हलत नाही! धक्का मारून चालू होईल तर तेही नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने वायर जोडून दिली, वर म्हणाला, "काका, वीस लाखाची ना ही?"

किआच्या निरोला आणि ह्युंदाईच्या आयोनिक हायब्रिडला बाहेरच्या देशांत एक बटण मिळायचं, बारा व्होल्टची बाजू पुन्हा जागी करणारं. म्हणजे हे अशक्य नाही. आपल्याकडच्या प्रत्येक हायब्रिडला हे द्या, मग बाकीचं बोलू.

सांगलीचा_मिस्त्री

गॅरेज आहे माझं, २२ वर्षं झाली. वाचतोय मघापासून. घाटवळण साहेब, राग मानू नका, पण तुमची बटणं म्हणजे माझ्या धंद्याला दिवाळी.

ही बॅटरी एवढी वर्षं टिकते कशानं, हे बघा. कॉम्प्युटर तिला मधेच ठेवतो. साधारण चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही, ऐंशीच्या वर चढू देत नाही. पोटभर जेवायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही. त्याच्या जिवावर कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. उद्या तुम्ही फाटकासाठी राखणार, उतारासाठी रिकामी करणार, शेजारी गंमत म्हणून दाबणार. मग कुठली आली वॉरंटी? कॉम्प्युटरला त्याचं काम करू दे की.

मला काय पाहिजे ते सांगतो. बॅटरीची तब्येत मालकाला पडद्यावर दिसली पाहिजे. नवी होती तेव्हा किती, आज किती, कुठला गट कमजोर. आज ते बघायला स्कॅनर लावावा लागतो, आणि सेकंडहँड गाडी घेणारा माणूस नुसता "बॅटरीचं काय हो?" म्हणत घाबरून भाव पाडतो.

दुसरं, हवेची जाळी. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी थंड करायला केबिनमधलीच हवा ओढतात आणि त्याची जाळी सीटजवळ असते. मागच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आलं, पडद्यावर हायब्रिड सिस्टीमचा दिवा. तोंड उतरलेलं, कुणीतरी दीड-दोन लाखांचा आकडा सांगून ठेवलेला. जाळी काढली तर आत शेंगांची टरफलं, कुत्र्याचे केस आणि एक लग्नाची अक्षता. फिल्टर नमद्यासारखा झालेला. ब्रशनं आणि हवेनं साफ केला, दिवा गेला. पैसे किती घेऊ हेच कळेना मला. तर ती जाळी दिसेल अशी, हातानं निघेल अशी द्या, आणि तुंबली की पडद्यावर सरळ मराठीत लिहा, "जाळी साफ करा". दोन लाख वाचतील.

सईची_आई

धागा आवडला, पण बिनआवाज फाटकाला माझा कडाडून विरोध.

आमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी पोरांचं क्रिकेट चालतं. पेट्रोलची गाडी आली की न बघता स्टंप उचलतात. हायब्रिड मागे येऊन उभी राहिली तरी पत्ता नसतो. मंद वेगाला पायी चालणाऱ्यांना कळावं म्हणून बाहेर वाजणाऱ्या गुणगुणीचा आवाज इतका सौम्य असतो की शेजारच्या पोळ्यांच्या लाटण्याखाली दबतो. आणि तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या एका काकांना दिसत नाही, त्यांनी काय करायचं? मला पुढच्या हायब्रिडमध्ये तो आवाज मोठा हवा, चांगला हवा, आणि चालकाला बंद करता येणार नाही असा हवा.

आणि हो, एसीला गोल फिरवायचं बटण. पडद्यात तीन पायऱ्या उतरून पंखा कमी करायला मी काही संगणक अभियंता नाही. (आहे, पण गाडीत नाही.)

घाटवळण

@सईची_आई, रात्री अकराला क्रिकेट नसतं हो. पण मुद्दा पटला, विशेषतः काकांचा. "बिनआवाज" ऐवजी "इंजिन न घुरघुरता" असं वाचा.

@मिस्त्री, राग कसला. पण तुमचंच म्हणणं धरून विचारतो. चाळीस ते ऐंशीच्या आतच राहून, घाटाच्या आधी पंचेचाळीसला आणि चढाच्या आधी पंच्याहत्तरला ठेवायला काय हरकत आहे? नकाशा गाडीत आहेच. टोयोटा-लेक्ससच्या काही मॉडेलांत परदेशात नेव्हिगेशन बघून उताराआधी बॅटरीत जागा करायची सोय आहे. बटण नको तर नकाशा द्या.

रात्रपाळी

सात सीटर हायब्रिड आहे, मुंबई-पुणे एअरपोर्टच्या ट्रिपा. तुम्ही सगळे बटणावर भांडताय आणि मी महिन्याला सात-आठ हजार किलोमीटर मारतो. एक्सप्रेसवेवर शंभरला इंजिन चालूच असतं, तिथे तुमची शहरातली जादू निम्मी उतरते.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, उभ्या गाडीत एसी. विमान लेट, पार्किंगला दीड तास, मे महिना. दर थोड्या मिनिटांनी इंजिन दचकून उठतं, बॅटरी भरतं, झोपतं. मी झोपू का त्याला झोपवू? बॅटरी मोठी करा या एका मुद्द्यावर धागेवाल्यांना माझं मत.

दुसरं, सीएनजी. हायब्रिडला कंपनीकडून सीएनजी का नाही? बाहेरून बसवली तर वॉरंटीवर पाणी. २०२५ मध्ये मारुतीच्या व्हिक्टोरिसला गाडीच्या पोटाखाली सीएनजीची टाकी दिली ना, मग हायब्रिडलाही द्या.

सांगलीचा_मिस्त्री

भाऊ, त्याच व्हिक्टोरिसची हायब्रिडपण आहे, पण दोन्ही एकत्र कुठं आहे? बॅटरीनंच डिकी खाल्लीय आधी. ग्रँड व्हिटाराची साधी घेतली तर ३७३ लिटर, स्ट्राँग हायब्रिड घेतली तर २६५. त्यात मोठी बॅटरी पाहिजे, सीएनजी पाहिजे, सॉकेट पाहिजे. मग पॅसेंजरच्या बॅगा डोक्यावर घेणार काय?

फ्रीमाँटचा_पाहुणा

इथे कॅलिफोर्नियात माझ्याकडे टोयोटाची २०२१ ची आरएव्ही४ प्राइम आहे, प्लगवाली, म्हणजे घरी प्लग लावून चार्ज होणारी हायब्रिड. १८ युनिटची बॅटरी, एका चार्जवर ६८ किलोमीटरचा सरकारी आकडा. धागाकर्त्याला हवीत ती बटणं तिला आहेत. ईव्ही, आणि हायब्रिड, म्हणजेच वीज राखून ठेव. पहिले दोन महिने लहान मुलासारखा खेळलो. आता फक्त लांब जाताना राखून ठेवतो, एरवी हात लावत नाही. म्हणजे मिस्त्रीकाका अर्धे बरोबर आणि तुम्हीही अर्धे बरोबर.

मात्र प्लगवाली गाडी माणसावर विसंबते. युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरचे आकडे काढले, तर प्लग-इन हायब्रिडांचं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या साडेतीन पट निघालं. मोठं कारण, लोक प्लग लावतच नाहीत. मी लावतो. बायको लावत नाही, यावरून घरात वेगळा धागा आहे.

हिशेबी

मोठी बॅटरी, सॉकेट, नकाशा, सगळं मान्य. पैसे कोण देणार? ४० टक्के जीएसटी, वर आरटीओ. इलेक्ट्रिकला आपल्याकडे रोड टॅक्समध्ये सूट, हायब्रिडला नाही. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडची नोंदणी फी आणि टॅक्स माफ केला तेव्हा इथे सगळे "आपल्याकडेही" म्हणून नाचले होते. अजून नाचतोच आहोत. मला पुढच्या पिढीत एकच फीचर हवं, दोन लाखांनी कमी किंमत.

शून्यधूर

एक हिशेबी सोडले तर कोणी माझ्या जीएसटीच्या मुद्द्याला हातही लावला नाही, याची नोंद घ्यावी. आणि तेही माझ्या विरुद्ध बाजूने.

सांगलीचा_मिस्त्री

@घाटवळण, नकाशावालं पटतंय. तोवर एक करून बघा. उताराला वरूनच 'बी'ला (इंजिननं गाडी आवरायच्या गिअरला) टाकत असाल तर टाकू नका, त्यानं इंजिन आधीच फिरायला लागतं. 'डी'मध्येच या, बॅटरी भरली की मग 'बी'. आणि घाट यायच्या आधी सपाटीवर एसी पूर्ण सोडा. कॉम्प्रेसर विजेवरच चालतोय, तेवढी जागा होईल.

घाटवळण

केलं. काल परत पेणला. लोणावळ्यापासून एसी १८ वर, पंखा शेवटच्या पायरीला, गाडी 'डी'त. खंडाळ्याला बॅटरीच्या दोन कांड्या उरल्या होत्या. उतारावरही एसी तसाच ठेवला. इंजिन या वेळी बरंच खाली आल्यावर केकाटलं, मागच्यापेक्षा तीन-चार वळणं उशिरा.

आईने मागे शाल पांघरली होती. म्हणाली, "तो आवाज परवडला बाबा, पण हे बंद कर."