ऱ्होड्सला बोट दहा तास थांबणार: लिंडोसचे अवशेष आणि समुद्र, दोन्ही जमेल का?

स्नेहा_बोरिवली
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमची क्रूझ आहे. पिरेअसहून (अथेन्सचं बंदर) निघून कुशादासी करून ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर येते. सकाळी ८ ला लागणार, संध्याकाळी ६ ला सुटणार. बोटीवरून जी लिंडोसची (बेटावरचं गाव, वर डोंगरावर किल्ला आणि जुनं देऊळ) सहल देतात तिच्यात समुद्र नाहीच, आणि माणशी दर ऐकून नवऱ्याने विषय बंद केला. आम्ही चौघं: आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा (ह्याला फक्त पाण्यात डुंबायचंय) आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण देऊळ म्हटलं की ऐकत नाहीत. आपलं आपण जावं का?

निवृत्त_खलाशी
स्नेहाताई, खुशाल जा. अंतर पन्नासेक किलोमीटर. देऊळ आणि पुळण एकाच डोंगराच्या वर-खाली, म्हणून दोन्ही उरकतं. कामिरोसचे अवशेष पण छान आहेत, पण ते बेटाच्या दुसऱ्या अंगाला. दोन्हीचा हट्ट धरलात तर दिवस गाडीतच जाईल.

आधी डोंगर, मग पाणी. वर सावलीच्या नावाने शंख आहे, आणि उशीर केलात की बसगाड्यांचे लोंढे येतात. पायऱ्या तीनशेच्या आसपास, दगड घासून गुळगुळीत झालेला. चपला नकोत, रबरी तळाचे बूट घाला.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. किल्ल्याचा उंच जिना सुरू होतो तिथे पायथ्याशीच खडकात एक जहाज कोरलंय. फक्त पिछाडी, वर वळत गेलेली, बाजूला सुकाणूचं वल्हं. इ.स.पू. १८०च्या सुमाराचं काम, शिल्पकार पिथोक्रितोस. त्यावर हागेसांद्रोस नावाच्या माणसाचा पुतळा उभा होता, तो आता नाही. लोक त्याच्याकडे पाठ करून जिन्याचे फोटो काढतात! उभा जन्म बोटीवर काढलेला मी, तिथून हलेना. शेवटी सौ. एकटीच पुढे गेली.

वरती अथेना लिंडियाचं, म्हणजे ग्रीक देवी अथेनाचं देऊळ, इ.स.पू. ३००च्या सुमाराचं. आकाराने लहानच, पण अगदी कड्याच्या टोकाला, समुद्रापासून ११६ मीटरवर. त्याच्याभोवतीची तटबंदी सेंट जॉनच्या सरदारांची (ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ), म्हणजे पार मध्ययुगातली. आणि खांब बघून फार भारावू नका. दुसऱ्या महायुद्धाआधी बेट इटालियनांकडे होतं, तेव्हा त्यांनी सिमेंट-लोखंड घालून बरेच उभे केले. ती दुरुस्ती पुढे निस्तरावी लागली.

मुग्धा_पुणे
सासूबाईंना गाढवावर बसवायचा मोह होईल, नका बसवू. गाढवं तिकीटखिडकीच्या अलीकडेच सोडतात, किल्ल्याच्या खऱ्या उभ्या पायऱ्या उरतातच. शिवाय जनावरांचे हाल. २०१८ पासून ग्रीसमध्ये नियम आहे, शंभर किलोपेक्षा किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार लादायचा नाही.

त्यापेक्षा त्यांना गावातल्या पनागियाच्या (म्हणजे मदर मेरीच्या) चर्चमध्ये बसवा. जमीन काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या नक्षीची, भिंती चित्रांनी भरलेल्या, आत गार. खांदे झाकलेले हवेत, साडी असेल तर प्रश्नच मिटला. जेवायला पितारुदिया मागा, ऱ्होड्सची खासियत. काबुली चण्यांची कांदा-पुदिना घातलेली भजीच म्हणा ना.

व्हिसावाला_ठाणे
जरा विषयांतर. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच घ्या. कुशादासी तुर्कस्तानात, म्हणजे तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून ऱ्होड्सला परत आत शिरताय. तुर्कस्तानच्या व्हिसाचंही क्रूझवाल्यांना आत्ताच विचारा. अर्ज भरायच्या आधी बघा हे, नंतर कोणी ऐकत नाही.

स्नेहा_बोरिवली
बापरे, व्हिसाचं डोक्यातच नव्हतं! धन्यवाद सगळ्यांना. खलाशीकाका, पाण्यात कुठे उतरायचं? वरून दिसणारी ती गोल खाडी का? आणि बस की टॅक्सी?

निवृत्त_खलाशी
ती सेंट पॉलची खाडी. संत पॉल तिथे उतरला असं तिथले लोक मानतात. तोंड इतकं अरुंद की वरून तळंच वाटतं. पाणी सुरेख, पण पुळणी दोन्ही चिमुकल्या. मुलाला गावाच्या दुसऱ्या बाजूच्या मोठ्या पुळणीवर न्या, मेगाली पारालिया म्हणतात. वाळू आहे, पाणी लांबवर उथळ आहे, आणि ऑक्टोबरात अजून कोमट असतं. तिथून गावात परत यायला मात्र चढ आहे, सासूबाईंना खाली उतरवूच नका.

बस मांद्राकीजवळून (ऱ्होड्स शहराचं जुनं बंदर) सुटते, बोटीच्या धक्क्यापासून जुन्या शहराच्या तटाच्या कडेने चालत जाता येतं. पण परतीची बस भरून आली तर तुम्ही रस्त्यावर. चौघं आहात, टॅक्सी करा. लिंडोस गावात गाडी शिरत नाही, तेव्हा कुठे भेटायचं ते उतरतानाच ठरवा. साडेतीनला निघायचं म्हणजे निघायचं. बोटीची स्वतःची सहल उशिरा आली तर कप्तान थांबतो, तुमच्यासाठी नाही. सहाला सुटणार म्हणजे साडेपाचला शिडी ओढली असं धरून चाला. परतीचे पैसे टॅक्सीवाल्याला आधी देऊ नका.